पायाच्या दगडाचे नाव

आबांनी भिंतीवर उजवा तळहात ठेवला आणि चालता चालता ते एकाएकी थांबले.

तो फेब्रुवारीतील शनिवार होता, सकाळचे दहा वाजले असावेत. करंजखिंडीच्या माथ्यावर आम्ही बांधलेल्या वाहनतळाची दगडी भिंत मी माझ्या वडिलांना दाखवीत होतो. 'दाखवीत' हा शब्द येथे कितपत योग्य आहे हे मला ठाऊक नाही, कारण आबांची दृष्टी जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. ते भिंत हाताने पाहत होते. भिंतीच्या पायथ्याशी जी पायवाट आहे तिच्या एका टोकापासून निघून, दगडांवरून बोटे फिरवीत, ते मुकाट्याने येत होते. त्यांच्या मागे मी, माझ्या मागे ओकताई आणि प्रभुणेकाका, आणि त्यांच्या मागे तीस-पस्तीस माणसे, असा एखाद्या दिंडीसारखा आमचा संथ प्रवास चालला होता. सहा भाग झाले. सातव्या भागाशी त्यांचा तळहात थबकला.

त्यांनी कान दगडाला लावला. मग काठी उलटी धरून तिच्या मुठीने तीन ठिकाणी ठोकले.

मागे कोणी तरी हलक्या आवाजात म्हणाले, "डॉक्टर छाती तपासतात तसं." कोणी तरी हसले. मी हसलो नाही. मला तो दगडाचा पोकळ आवाज कळला होता.

येथे थोडे मागे जाणे आवश्यक आहे.

माझे नाव अंबादास दुर्गाप्पा इटकर. आम्ही वडार, दगड फोडणे, घडविणे आणि रचणे हा आमचा पिढीजात व्यवसाय. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंत झाले, पुढील शिक्षण तालुक्याच्या वाचनालयाने केले. ओकताई तेथेच भेटल्या. त्या भूगोलाच्या सेवानिवृत्त शिक्षिका होत्या, आणि सह्याद्रीच्या कण्यावरून उत्तरेकडून दक्षिणेकडे बावीस दिवस चालत जाता येईल अशी एक सलग पायवाट त्यांच्या मंडळाने सिद्ध केली होती. तिला सर्वजण 'दीर्घवाट' म्हणत. वाट उत्तम होती. अडचण होती ती वाटेला लागण्याची. शहरांतून येणारी मंडळी आपली वाहने खळ्यावर, शाळेच्या अंगणात, एस.टी. जिथे वळते तिथे लावून निघून जात. करंजखिंडीच्या ग्रामस्थांनी अखेर वैतागून वाटेच्या तोंडाशी काट्या टाकल्या. त्यांचे काहीच चुकले नव्हते. तेव्हा मंडळाने ठरविले, की अशा अकरा ठिकाणी वाहनतळ करायचा, पायऱ्या बसवायच्या, दिशादर्शक दगड उभे करायचे. आणि हे सर्व शनिवार-रविवारी, स्वतःच्या हातांनी.

करंजखिंडीला सपाट जागा नव्हती. उतारावर भिंत घालून, तिच्या मागे भर टाकून ती तयार करावी लागणार होती. चुना-सिमेंटावाचून, केवळ दगडावर दगड बसवून केलेली ती भिंत नव्वद फूट लांब आणि दीड पुरुष उंच व्हायची होती. वर सव्वीस वाहने उभी राहणार आणि दीर्घवाटेची पायवाट नेमकी भिंतीच्या पायाखालून जाणार. ओकताईंनी मला विचारले, शिकवाल का? त्या दिवशी 'शिकवाल' हा शब्द मी घरी जाईपर्यंत मनात घोळवीत होतो.

भिंतीचे बारा भाग पाडले, प्रत्येक भाग तीन-तीन माणसांना दिला आणि खडूने नावे लिहिली. सातव्या भागावर पहिले नाव होते श्रीनिवास प्रभुणे. प्रभुणेकाका सत्तर वर्षांचे होते, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. गुडघे दुखायचे म्हणून बसायला पाट घेऊन यायचे. बसविलेला दगड रुमालाने पुसायची त्यांना सवय होती. ते मला 'उस्ताद' म्हणत. आयुष्यात त्यापूर्वी मला कोणी उस्ताद म्हटले नव्हते.

आणि त्या आठवड्यात ओकताईंनी सांगितले होते, की रविवारी लोकार्पण झाले म्हणजे उरलेल्या दहा ठिकाणांचे काम माझ्या देखरेखीखाली द्यावे असे मंडळाच्या मनात आहे. मी सात इयत्ता शिकलेला मनुष्य. आणि शंभर-दीडशे सुशिक्षित स्त्री-पुरुष माझ्या शब्दावर दगड उचलणार होते. म्हणून त्या शनिवारी मी आबांना आणले होते. त्यांनी माझे कौतुक करावे, आणि ते सर्वांनी ऐकावे, अशी माझी इच्छा होती.

तीन महिने ते यायला तयार नव्हते. कोणता घाट म्हणून विचारले, मी करंजखिंड म्हणालो, आणि ते गप्प झाले. त्या शनिवारी मात्र आपण होऊन जीपमध्ये बसले. वाटेत त्यांनी ओकताईंना विचारले, "बावीस दिवस चालत कुनाकडं जायाचं?"

"कुणाकडे नाही, बाबा. नुसतं चालायचं."

"आन् परत?"

"परत गाडीनं."

आबांनी बराच वेळ विचार केला. "मंग जाताना गाडी का न्हाई मिळत?"

ओकताई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला.

आता ते सातव्या भागाशी उभे होते. माझ्याकडे तोंड करून ते आमच्या घरच्या वडारी बोलीत बोलले. तेथे ती बोली माझ्याखेरीज कोणालाही येत नव्हती. ते म्हणाले, "हिला आत पोट सुटलंय. लांब दगड आडवे टाकलेत, शेपट्या आत गेल्याच नाहीत. वर गाड्या उभ्या राहिल्या की वाटेवर येईल. आणि अंबू, हा हात तुझा आहे."

जे वाचक या कामाशी परिचित नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. कोरड्या भिंतीत लांब दगड बसवायचा तो टोक बाहेर आणि लांबी आत. बाहेरून तो तळहाताएवढाच दिसतो, त्याची सारी ताकद आत भरीला धरून असते. तोच दगड आडवा टाकला तर भिंत अतिशय देखणी दिसते आणि तिच्या मागे तिला धरणारे काहीही नसते.

"काय म्हणाले?" ओकताईंनी विचारले.

सर्वांची तोंडे माझ्याकडे होती. हातांना दगडाची पांढरी भुकटी लागलेली होती. कोणी डब्याची पिशवी धरून उभे होते. मला उत्तर द्यायला फार तर दोन श्वासांचा वेळ लागला असेल.

"म्हणतात," मी म्हणालो, "सातव्या भागाची रचाई कच्ची आहे. काकांच्या हातून... नवखा हात, दुसरं काय."

आबांना मराठी उत्तम समजते. साठ वर्षे ते याच मुलखात वावरले होते. काठीने चाचपडत ते एका दगडापाशी गेले आणि त्यावर बसले.

प्रभुणेकाकांनी डोक्यावरची टोपी काढली. भिंतीकडे पाहिले आणि मग, जणू बसच्या रांगेत चुकून कोणाच्या पायावर पाय पडावा तशा स्वरात, ते म्हणाले, "अरेरे. मग माझंच चुकलं. क्षमा करा मंडळी, उद्याचा सगळा घोटाळा झाला माझ्यामुळे."

कोणी त्यांना दोष दिला नाही. उलट "अहो काका, असं काय" वगैरे झाले. भाग उतरवायलाच हवा होता. वरची माती ओढायला घेतली, दगड एकेक करून खाली यायला लागले. काकांना बसायला सांगितले तरी ते बसेनात. प्रत्येक दगड ते छातीशी धरून उतरवीत आणि बाजूला ठेवताना सवयीने रुमालाने पुसत. मागच्या शनिवारी त्यांनी आपल्या पत्नीला मुद्दाम येथवर आणून हा भाग दाखविला होता. त्या माऊलीने त्याला हळदीकुंकू लावले होते. ते बोट अजून एका दगडावर दिसत होते.

दुपारी आबा म्हणाले, "मला खालच्या वळणावर ने."

दीर्घवाट तेथे जुन्या, मोडून गेलेल्या गाडीरस्त्याने काही अंतर उतरते. कारवीच्या वाळलेल्या काड्यांतून मी त्यांना हाताला धरून नेले. तिसऱ्या वळणावर त्यांनी हात सोडविला आणि कोणी न सांगता उजवीकडे वळले. तेथे झुडपांत एका जुन्या भिंतीचे दोन तुकडे उभे होते आणि मधे, एखादा दात पडावा तशी, पंधरा-वीस फुटांची मोकळी जागा होती. आबांनी एका तुकड्याला हात लावला.

"बहात्तरच्या दुष्काळात हा रस्ता झाला," ते म्हणाले. "यल्लाप्पा मुदगुले हुता आमच्यावर मिस्त्री. दगड फोडायची सुतकी कशी धरायची हे त्यानं मला शिकवलं, बापानं न्हाई. साहेब बघाया येनार हुते. मला वाटलं, माझा तुकडा उठून दिसावा. लांब लांब दगड आडवे टाकले. यल्लाप्पा बाजाराला गेला हुता. साहेब आले, माझ्या पाठीवर हात ठिवला."

"मग?"

"फुडल्या वर्सी भिंत गेली. बैलगाडी हुती वर. गाडीवानानं उडी टाकली म्हनून राहिला. बैल खाली गेले." त्यांनी काठी जमिनीवर टेकवली. "इचारलं, ह्यो तुकडा कुनाचा. मी म्हनलो, यल्लाप्पाचा."

झाडीत कोठे तरी एक पक्षी एकच सूर पुनःपुन्हा काढीत होता.

"तो काय म्हणाला?"

"काय बी न्हाई. माझ्याकडं बघितलं. सुतकी खांद्यावर टाकली, बायकापोरं घेतली आन् गेला. ज्या ज्या कामावर गेलो तिथं इचारलं. कुनाला ठावं न्हाई."

आमच्या घराण्यात एक रीत आहे. भिंतीच्या पायाचा पहिला दगड बसविताना, ज्याच्याकडून काम शिकलो त्याचे नाव मोठ्याने घ्यायचे. मी लहानपणापासून पाहत आलो होतो, की आबा पहिला दगड ठेवताना ओठ हलवितात, पण आवाज येत नाही. आम्ही भावंडे समजत होतो, ते देवाचे नाव मनात घेत असावेत. आणि मी? करंजखिंडीचा पहिला दगड मी कोणाचेही नाव न घेता बसविला होता. एवढ्या शिकलेल्या लोकांसमोर ते मला अडाणीपणाचे वाटले होते.

आबांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. भिंतीवरचा हात काढला आणि म्हणाले, "वर जायाचं का?"

वरचे ते अंतर अर्ध्या तासाचे आहे. मला ते बावीस दिवसांचे वाटले.

आम्ही पोचलो तेव्हा मंडळी जेवून पुन्हा कामाला लागली होती. सातवा भाग पायापर्यंत उतरला होता. काका पाटावर बसून दगडाच्या चिपा गोळा करीत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. बोलावयाची वाक्ये मी चढताना रचली होती, चांगली वाक्ये होती. त्यांतले एकही आठवेना.

"काका, थांबा. आबांनी तुमचं नाव घेतलं नव्हतं. ते म्हणाले, हा हात माझा आहे."

ओकताई हातातले पाण्याचे भांडे घेऊन तशाच राहिल्या.

"ते लांब दगड मी त्या मोठ्या शिळेतून फोडले होते," मी म्हणालो. "अठरा निघाले, एकसारखे. तुम्ही पहिला बसवलात तो टोक बाहेर ठेवून, मी शिकवला तसा. मीच म्हणालो, एवढा देखणा दगड मातीत कशाला घालता, आडवा लावा, फोटोत चांगला दिसेल. अठराच्या अठरा मी आडवे लावून घेतले. सकाळी मी खोटं बोललो."

एका मुलीने हातातले घमेले खाली ठेवले, तेवढा आवाज झाला.

प्रभुणेकाकांनी हातातल्या चिपा खाली ठेवल्या. मग त्यांनी विचारले, "म्हणजे मी पहिला बसवला होता तो बरोबर होता?"

"बरोबर होता."

"हिला सांगायला हवं," ते म्हणाले. त्यांनी खिशातून फोन काढला, तो कानाला लावून ते पठाराच्या कडेला गेले, जेथे आवाज मिळतो. आम्हाला त्यांची पाठ दिसत होती. थोड्या वेळाने ते परत आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. माझ्याशी मात्र ते त्या संध्याकाळी पुढे एक शब्दही बोलले नाहीत, आणि मला त्याचे नवल वाटले नाही.

ओकताई म्हणाल्या, "उद्याच्या पाहुण्यांचं मी बघते. भिंत कोण बघणार?"

"मी," आबा म्हणाले. "मानसं लागतील."

"आणि उरलेल्या दहा ठिकाणांचं, अंबादास," त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "ते नंतर बोलू."

ते 'नंतर' तीन वर्षांनी आले. मधली तीन वर्षे मी इतरांच्या हाताखाली घमेली वाहिली, आणि ते योग्यच होते. परंतु आज इतक्या वर्षांनी करंजखिंड म्हटले, की मला ते आठवत नाही. मला रविवारची सकाळ आठवते.

सूर्य दरीच्या पलीकडच्या डोंगरावर आला होता आणि खाली धुक्याचा पांढरा पूर भरला होता. साठ माणसे आली होती, कारण आदल्या दिवशी ज्याने त्याने कोणाला तरी कळविले होते. खिंडीतले ग्रामस्थही आले, ज्यांनी वाटेवर काट्या टाकल्या होत्या तेही. दगडांच्या ढिगापासून भिंतीपर्यंत सर्वांची दुहेरी रांग झाली. मधे आबा खाली बसले, गुडघे दुमडून, समोर उकरलेला पाया. हातात सुतकी.

त्यांनी पहिला दगड मागितला. तो रांगेतून हातोहात आला. आबांनी तो मांडीवर घेतला, त्याच्यावरून दोन्ही तळहात फिरविले, जसे नवजात अर्भकावरून फिरवितात. उलटा केला, पुन्हा फिरविले. मग त्यांनी तो पायात ठेवला आणि मान वर केली. आंधळे डोळे दरीच्या बाजूला होते.

"यल्लाप्पा मुदगुले," ते म्हणाले.

हळू नाही; कोणाला दुरून हाक मारावी तसे. ते नाव धुक्यावरून पलीकडे गेले आणि समोरच्या कड्यावरून परत आले. बेचाळीस वर्षांनी पायाचा दगड ठेवताना माझ्या वडिलांच्या तोंडून ते नाव मोठ्याने बाहेर पडले होते, आणि डोंगराने ते एकदा जपून उच्चारून दाखविले.

त्यानंतर जे घडले त्याचे वर्णन करण्यास माझी भाषा अपुरी आहे हे मी जाणतो. दगड येत होता, आबांच्या हातात पडत होता, आणि हाताला कळत होते की याचे तोंड कोणते, शेपटी कोणती, आणि याला कोणाच्या शेजारी बसायचे आहे. "ह्यो न्हाई. मघाशी एक कुबडा गेला, त्यो आना." आणि पंधरा दगडांमागे बाजूला ठेवलेला कुबडा दगड शोधून आणला, की तो त्या खाचेत असा बसे, जणू तेथूनच काढला होता. त्या अठरा लांब दगडांतले पायाला लागले तेवढे त्यांनी एकेक करून आत घातले. प्रत्येक देखणे अंग मातीत गेले. बाहेर उरला तो तळहाताएवढा काळा तुकडा.

नऊ वाजता तालुक्याचे अधिकारी शाल-नारळ घेऊन आले. त्यांनी थोडा वेळ उभे राहून पाहिले. मग शाल जीपच्या टपावर ठेवली, बाह्या वर केल्या आणि रांगेत शिरले. त्यांना कोणी बोलाविले नव्हते.

पायाचा थर अर्धा झाला तेव्हा आबा थांबले. "हितनं फुडं ज्येचा भाग हाये त्येनं लावायचा," ते म्हणाले. "कुठं हायेत ते काका?"

प्रभुणेकाका पुढे आले. पाट टाकून आबांच्या शेजारी बसले. आबांनी त्यांचा हात हातात घेऊन तळवा चाचपला, टेलिफोन खात्यातला तो मऊ तळवा, आणि त्यावरचे तीन महिन्यांचे नवे घट्टे. त्यांनी मान हलविली आणि एक दगड त्या हातात दिला. काकांनी तो फिरवून पाहिला, टोक बाहेर धरले, लांबी आत. मग ते थबकले.

"बाबा, मघाशी तुम्ही घेतलंत तसं नाव घ्यायचं असतं ना? माझा हा पहिलाच पायाचा दगड. मी कुणाचं घेऊ?"

"ज्येच्याकडनं शिकलात त्येचं."

मी रांगेत पाचवा होतो. माझ्या हातात दगड होता आणि मी तो पुढे द्यायचे विसरलो होतो. मला वाटले ते आबांचे नाव घेतील. ते न्यायाचे झाले असते. मी खाली पाहिले.

काकांनी दगड ठेवला, खिशातून रुमाल काढून तो पुसला, आणि मग मान वळवून, कालपासून प्रथमच, त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"अंबादास इटकर," ते मोठ्याने म्हणाले.

समोरच्या कड्याने तेही परत दिले.